डोक्यातल्या एका गाठीसाठी भरवशाची टेस्ट कधी देणार? आरोग्य संशोधनाचं धोरण ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात संशोधनाचा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणारे सर्व अधिकारी आणि शास्त्रज्ञ, तसेच अँटीबॉडी टेस्टची किट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या

सर, मॅडम, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे, डीएमएलटी करून १४ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मला एका सरकारी कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत कृमीची गाठ होते त्या आजाराची रक्ताची खात्रीची टेस्ट आमच्यासारख्या ठिकाणी कधी मिळणार, एवढंच मी विचारलं होतं. उत्तर असं की रुग्णसंख्येची पुरेशी आकडेवारी उपलब्ध नसल्याने सदर चाचणी प्राधान्यक्रमात नाही.

मी तो कागद तीन-चार वेळा वाचला. टेस्ट नाही म्हणून पेशंट सापडत नाहीत, पेशंट सापडत नाहीत म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून टेस्ट नाही. असं असेल तर हे कधी सुटणार? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण त्या न मोजलेल्या आकड्यात माझी लेक आहे.

ती आठ वर्षांची होती, तिसरीत. शाळेतून बाईंचा फोन आला की तिचा उजवा हात आपोआप उडतोय आणि तोंड एका बाजूला ओढलंय, लवकर या. मी पोचलो तेव्हा ती वर्गात फरशीवर आडवी होती, मुठीत पेन्सिल घट्ट धरलेली, कुणीतरी दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिलेला आणि नाकाला फोडलेला कांदा लावलेला. पेन्सिल सोडवायला मला तिचं एकेक बोट उघडावं लागलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर पप्पा माझा हात माझं ऐकत नव्हता.

जिल्ह्याच्या गावी सीटी केला, डोक्यात डाव्या बाजूला एक छोटी गोल गाठ, भोवती सूज. डॉक्टर म्हणाले ही टीबीची गाठ असू शकते किंवा कृमीची असू शकते, रक्ताची टेस्ट करून घ्या म्हणजे कळेल. रक्त मीच काढलं. प्लेन ट्यूबमध्ये तीन एमएल, सेंट्रिफ्यूज केलं, सीरम (रक्तातला वरचा पातळ भाग) वेगळं करून आईस पॅकमध्ये घालून मोठ्या शहरातल्या एका लॅबला कुरिअर केलं, १,८०० रुपये भरले. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, सिस्टिसर्कस आयजीजी (ह्या कृमीविरुद्ध शरीर बनवतं ती अँटीबॉडी) निगेटिव्ह, कट-ऑफ १.० आणि हिची व्हॅल्यू ०.६२. मी आनंदाने घरी फोन केला की कृमी नाही. जो माणूस रोज लोकांना रिपोर्ट देतो त्याला हेसुद्धा माहिती नव्हतं की ह्या निगेटिव्हला एका गाठीच्या आजारात फारसा अर्थच नसतो. रिपोर्टवर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कृमी नाही म्हटल्यावर उरला टीबी. चार महिने तिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. रोज सकाळी लघवी लालसर-केशरी व्हायची आणि ती बाथरूममधून ओरडून सांगायची, आजपण तशीच. जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) मीच लावला आणि वाढलेला आकडा बघून मीच हातात धरून बसलो. फिट तरी कुठे थांबल्या होत्या. शेवटी उसनवारी करून मोठ्या शहरात एका न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, त्यांनी बारीक कटचा एमआरआय करायला लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. गोल रिंग, आणि रिंगच्या आत कडेला एक ठिपका. तो ठिपका म्हणजे कृमीचं डोकं. टीबीच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. आधी स्टेरॉइड, सोबत अल्बेंडाझोल, फिटची गोळी चालू. आज ती पाचवीत आहे, गाठीच्या जागी बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा डाग राहिलाय आणि फिटची गोळी अजून दोन वेळा चालूच आहे.

आमचं घर माळकरी आहे, हे इथे सांगणं भाग आहे. माझ्या आईच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. डॉक्टरांनी डुकराशी संबंधित कृमी म्हटल्यावर आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. नातेवाईक विचारायला लागले की पोरीला बाहेर काय खाऊ घातलं. मी प्रत्येकाला समजावून सांगत बसलो, आणि इथेही सांगतो कारण हे वाचणाऱ्या कितीतरी घरांत हाच गैरसमज असेल. कच्चं राहिलेलं बाधित डुकराचं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी (टेपवर्म) होतो, मेंदूत गाठ थेट त्याने होत नाही. मेंदूतली गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी येतात ज्या माणसाच्या आतड्यात हा पट्टकृमी आहे त्याच्या शौचातून, मग ती उघड्यावरच्या घाणीतून पाण्यात जातात, कोथिंबिरीच्या जुडीवर बसतात, हात न धुता कुणी पाणीपुरी बनवली तर तिच्यात जातात. शाकाहारी, मांसाहारी असा भेद ती करत नाहीत. आईला हे पटायला सहा महिने लागले, आणि अजूनही ती शेजारी सांगताना फक्त डोक्यात गाठ होती एवढंच म्हणते.

आता माझ्या तक्रारी. रागाने लिहीत नाही, पण स्पष्ट लिहितो.

सगळ्यात मोठी तक्रार ही की जगातली सगळ्यात चांगली अँटीबॉडी टेस्ट नेमकी आपल्या पेशंटमध्ये कमी पडते, आणि हे तुम्हाला कितीतरी वर्षं माहिती आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या सीडीसीमध्ये (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) त्सांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टर्न ब्लॉट प्रकारची एक अँटीबॉडी टेस्ट बनवली. बाधित डुकराच्या मांसातल्या गाठी काढायच्या, त्यातली ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेली प्रोटीन) वेगळी करायची, आणि ती वेगळी करायला वापरलं मसुरातून मिळणारं लेक्टिन, ते अशा प्रोटीनला चिकटतं. (मसुराची आमटी आपल्याकडे घरोघरी होते, त्याच मसुराने मेंदूतल्या कृमीची टेस्ट शुद्ध केली हे वाचून मला फार नवल वाटलं होतं.) पट्टीवर सात प्रोटीनच्या रेघा, त्यातली एक जरी उमटली तरी पॉझिटिव्ह. दोन किंवा जास्त गाठी असलेल्या पेशंटमध्ये ह्या टेस्टने ९८ टक्के पकडले आणि इतर आजारांना चुकून पॉझिटिव्ह दाखवलं नाही. इतकी चांगली टेस्ट. पण डोक्यात एकच गाठ असेल तर हीच टेस्ट निम्म्याच्या आसपासच पेशंट पकडते, काही अभ्यासांत त्याच्याही खूप खाली गेलीये. कारण साधं आहे, एक छोटी गाठ, तीही मरायला लागलेली, मेंदूच्या आत बंद, तिच्यातून रक्तात येणार किती आणि शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवणार किती.

आणि भारतात कृमीच्या पेशंटचं सगळ्यात जास्त दिसणारं चित्र कोणतं, तर हीच एक गाठ. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच जणांच्या डोक्यात खूप गाठी असतात, तिथल्या सीरमवर तपासलेली टेस्ट तिथे छान चालते. आपला आजार वेगळ्या चेहऱ्याचा आहे. मग आपल्या चेहऱ्याची टेस्ट दुसरं कोण बनवून देणार? अमेरिका देणार नाही, पेरू देणार नाही, त्यांना त्याची तेवढी गरज नाही. ही आपल्याच प्रयोगशाळांत, आपल्याच पेशंटच्या सीरमवर बनवावी लागेल, हे माझं ह्या पत्रातलं मुख्य म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट, ह्यात नवीन काहीच नाही. १९८० च्या दशकात आपल्याकडे फिट आलेल्या पेशंटच्या सीटीत अशी छोटी रिंग दिसली की टीबी समजून औषधं द्यायचे. मग वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमधल्या डॉ. चांडी आणि डॉ. राजशेखर यांनी अशा गाठी काढून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि बऱ्याच गाठींत कृमी निघाला. ह्यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ह्या गाठी पुष्कळदा आपोआप विरतात, त्यामुळे पेशंट टीबीच्या गोळ्या खात असेल तर श्रेय गोळ्यांना जातं आणि चूक कधी कळतच नाही. माझ्या लेकीची गाठ चार महिन्यांत आपोआप विरली असती तर मीसुद्धा आज तिला टीबी होता असंच सांगत फिरलो असतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी गाठीचा आकार, सूज ह्यावरून ओळखायचे निकषही दिले. पण इतक्या वर्षांनंतरही एका जिल्ह्याच्या गावी एक मूल त्याच जुन्या गोंधळात सापडतं, आणि गोंधळ सोडवायला जी रक्ताची टेस्ट हातात येते ती गोंधळ वाढवते.

तिसरं, बाजारातली किट. माझ्या लेकीच्या रिपोर्टवर एलायझा (रंग येण्यावरून अँटीबॉडी ओळखायची टेस्ट) एवढंच लिहिलं होतं. टेस्टच्या प्लेटमधल्या खळग्यांच्या तळाला कोणतं अँटीजेन (अँटीबॉडी जिला चिकटते ती कृमीची प्रोटीन) लावलंय, अख्ख्या गाठीचा अर्क की शुद्ध केलेलं प्रोटीन की प्रयोगशाळेत जीनपासून बनवलेलं, काहीच नाही. आम्हा टेक्निशियनला हे माहिती असायलाच पाहिजे कारण इथेच सगळा फरक आहे. कच्च्या अर्काची एलायझा असेल तर हायडॅटिडच्या (कुत्र्यांकडून पसरणाऱ्या एका पट्टकृमीच्या गाठींच्या) आणि दुसऱ्या पट्टकृमींच्या पेशंटमध्येही रंग येऊ शकतो, आणि आपल्याकडे मेंढपाळ वस्त्यांत हायडॅटिड काही दुर्मिळ नाही. उलट बाजूने, गाठ मरून गेली तरी अँटीबॉडी रक्तात बराच काळ राहतात, आणि ज्या भागात अंडी पसरलेली आहेत तिथे मेंदूत काहीही नसलेला माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणजे निगेटिव्हवर विसंबून टीबी ठरवणं चूक आणि पॉझिटिव्हवर विसंबून स्कॅन न करता अल्बेंडाझोल सुरू करणं तर धोक्याचं, कारण स्टेरॉइडशिवाय कृमी मारला तर मेंदूची सूज वाढू शकते आणि डोळ्यात गाठ असेल तर नजर जाऊ शकते. हे सगळं रिपोर्टखाली चार ओळींत छापायला किती खर्च येतो?

तुम्ही मनात आणलं तर करू शकता हे आम्ही बघितलंय. टीबीच्या रक्ताच्या अँटीबॉडी टेस्ट चुकीचे रिपोर्ट देतात म्हणून २०१२ मध्ये सरकारने त्यांच्यावर सरळ बंदी घातली. आमच्याही लॅबमध्ये त्या व्हायच्या, एका दिवसात बंद झाल्या, पेशंटचे पैसे वाचले आणि चुकीची औषधं वाचली, फार चांगला निर्णय होता. आणि मे २०२० मध्ये, सगळा देश घरात बसलेला असताना, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) कोविडच्या अँटीबॉडीची एलायझा काही आठवड्यांत बनवून दाखवली, अडीच तासांत ९० सॅम्पल. मी ती बातमी वाचली तेव्हा छाती भरून आली होती, आपल्या पुण्यात, आपल्या माणसांनी केलं म्हणून. कृमी हा व्हायरसपेक्षा किचकट जीव आहे, ते मला कळतं, टेस्ट तितक्या लवकर होणार नाही. पण सुरुवात तर करा.

कारण कच्चा माल तयार आहे. डुकराच्या गाठींवर अवलंबून राहायला नको म्हणून त्यातली कामाची प्रोटीन ओळखून प्रयोगशाळेत बनवायची पद्धत सीडीसीच्याच लोकांनी शोधली, टी२४एच नावाचं एक प्रोटीन तर साध्या पट्टीवर बसवून झांबिया आणि टांझानियाच्या खेड्यांत तपासूनही झालं. जिवंत कृमीने रक्तात सोडलेलं अँटीजेन पकडणारी मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेल्या एकसारख्या) अँटीबॉडीची टेस्टही आहे, ती कृमी जिवंत आहे का हे सांगायला मदत करते, पण एका गाठीत तीसुद्धा कमी पडते. पेरूमध्ये टुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस असं सगळं एकत्र करून शंभराहून जास्त गावांत ह्या कृमीचा प्रसार थांबवून दाखवला. त्या डुकरांच्या लशीचं मूळ संशोधन मेलबर्न विद्यापीठाचं, आणि ती बाजारासाठी बनते आपल्या हैदराबादला. डुकराला वाचवणारी लस आपण जगाला देतो, मग माणसाच्या मेंदूतली एक गाठ ओळखणारी पट्टी आपण का बनवू नये?

आणि आकड्यांचं म्हणाल तर वेल्लोर जिल्ह्यात ५० हजारांवर लोकांची पाहणी झाली, २००६ मध्ये छापून आली, त्यात फिटचा चालू आजार असलेल्या दर तिघांत साधारण एकाला हा कृमी निघाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे हा कृमी आहे तिथे फिटच्या सुमारे ३० टक्के केसेस त्याच्यामुळे असतात. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात किती? माझ्या १४ वर्षांच्या नोकरीत ह्या आजाराचा एकही आकडा कुणी मला मागितला नाही. डेंग्यूचा मागतात, टीबीचा मागतात, ह्याचा रकानाच नाही.

अजून एक, जे मला सगळ्यात जास्त खातं. लेकीच्या पोटात अंडी गेली म्हणजे आसपास कुणाच्या तरी आतड्यात तो पट्टकृमी होता किंवा अजून आहे. घरातलाच कुणी असेल, शाळेजवळचा खाऊवाला असेल, आमच्या गल्लीतलं कुणी असेल. त्याला स्वतःला काही त्रास होत नसेल, बिचाऱ्याला माहितीही नसेल. मी घरातल्या सगळ्यांचं शौच मायक्रोस्कोपखाली बघितलं, आईला तयार करायला आठ दिवस लागले, काही मिळालं नाही. पण अंडी रोज पडत नाहीत, आणि पडली तरी हा डुकराचा पट्टकृमी की गाईचा हे अंडं बघून सांगता येत नाही, दोन्ही सारखीच दिसतात. त्यासाठीही चांगली टेस्ट लागते. ती नसल्यामुळे त्याच शाळेतलं पुढचं मूल कोणतं हे कुणालाच माहिती नाही.

माझ्या मागण्या अशा.

ज्यांच्या स्कॅनमध्ये एकच गाठ दिसलीये अशा भारतीय पेशंटच्या सीरमची एक बँक सुरू करा. बेंगळुरूचं निमहान्स, वेल्लोर, चंदीगडचं पीजीआय, लखनौचं एसजीपीजीआय इथे ह्या आजारावर काम करणारी माणसं आहेत, त्यांना महाराष्ट्रातली मेडिकल कॉलेजं जोडा. सोबत टीबीच्या गाठीचे, हायडॅटिडचे आणि धडधाकट माणसांचे नमुने ठेवा, नाहीतर टेस्ट खरी की खोटी हे ठरवणार कशावर. ह्या बँकेवर पास झाल्याशिवाय कोणतीही किट एका गाठीसाठी चालते असं म्हणता येऊ नये.

एका गाठीसाठीच्या अँटीबॉडी आणि अँटीजेन टेस्टवर वेगळा निधी द्या, एका वर्षाचा नको, निदान पाच वर्षांचा, आणि मुलांचे नमुने त्यात आवर्जून घ्या.

किट बनवणाऱ्यांनो, अँटीजेन कोणतं, किती गाठींच्या पेशंटवर तपासलं, एका गाठीत किती पकडते हे पेटीवरही छापा आणि रिपोर्टवरही. मराठीत एक ओळ टाका की टेस्ट निगेटिव्ह आली तरी मेंदूतली कृमीची गाठ नाही असं समजू नये. ही मागणी उद्यापासूनही पूर्ण होऊ शकते, ह्याला संशोधन लागत नाही. आणि जी किट तपासणीत नापास होतील त्यांचं टीबीच्या टेस्टचं केलं तेच करा.

जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा फिट घेऊन येणाऱ्या मुलाचा स्कॅन मोफत आणि वेळेत झाला पाहिजे, आणि तो बघायला न्यूरॉलॉजिस्ट फोनवर तरी असला पाहिजे, कारण टेस्ट कितीही चांगली झाली तरी ती स्कॅनची जागा घेणार नाही, ती फक्त कुणाला लवकर पाठवायचं हे सांगेल.

आणि ह्या आजाराची नोंद घ्यायला सुरुवात करा. प्रत्येक पेशंटच्या घरच्यांची आणि आसपासची पट्टकृमीसाठी तपासणी झाली पाहिजे, तीही कुणाची जात, धंदा, खाणंपिणं काढून त्याला लाजवता कामा नये.

माझ्या लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे २० वर, माझ्या लेकीच्या सीरमच्या दोन छोट्या ट्यूब अजून आहेत. एक त्या दिवशीची, जिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि एक उपचारानंतरची. तारखा लिहिलेल्या आहेत, दोन्ही वेळचे स्कॅन माझ्याकडे आहेत, आणि आम्ही दोघं आईबाप लेखी संमती द्यायला तयार आहोत. लाईट गेली की मी जनरेटर चालू आहे ना बघायला रात्रीसुद्धा लॅबमध्ये जातो. तुमची बँक ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी कळवा, बर्फात घालून मी स्वतः आणून देतो.

आपला,
एका पाचवीतल्या मुलीचा बाप आणि लॅब टेक्निशियन,
मराठवाडा